बाटली काठोकाठ होती

"लाल औषधवाले डावीकडे! पिवळे मधे! पांढरे भिंतीच्या कडेनं! झाकणं काढून हातात धरा, बाबांना झाकण चालत नाही!"

गोदामाच्या दारात उभा राहून एक धिप्पाड स्वयंसेवक घसा फोडून ओरडत होता. आत माणसांची नुसती दाटी झाली होती. पूर्वी इथे लाकडी फर्निचर ठेवत असत, अजूनही पॉलिशचा वास भिंतींत मुरलेला होता. प्रत्येकाच्या हातात एक तपकिरी काचेची औषधाची बाटली. कोणी ती छातीशी धरलेली, कोणी पदराखाली, आणि एका आजोबांनी तर हातरुमालात अशी गुंडाळली होती की आत तान्हं मूल असावं.

समोर, उंच चौथऱ्यावर पूर्णबाबा बसले होते. त्यांचं खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. ज्याला हात लावतील ते पूर्ण होतं, म्हणून पूर्णबाबा. पांढराशुभ्र झगा, मनगटापर्यंत लांब बाह्या. एकेक जण पुढे जाई, उघडी बाटली समोरच्या पाटावर ठेवी. बाबा त्यावर रेशमी कापड टाकत, कापडाखाली उजवा हात घालत, डोळे मिटत आणि दंड अंगाशी घट्ट आवळून थरथरत. मग कापड उचललं जाई. बाटली गळ्यापर्यंत भरलेली!

"जय!" अख्खं गोदाम गरजे.

"विज्ञान काय करतं?" बाबा मधूनच विचारत. "चमचा काढला की बाटली कमी करतं! वजाबाकी! माझ्या दरबारात वजाबाकीला प्रवेश नाही!"

टाळ्या. वजाबाकीला घाबरणारी माणसं मी आयुष्यभर पाहत आलो आहे, पण ती बहुतेक तिसरीच्या वर्गात असतात. मी गणिताचा मास्तर. इतरांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा मी हाताची घडी घालून लाल रांगेत उभा होतो. शेजारी माझी धाकटी बहीण होती. ती टाळ्या वाजवत नव्हती, रडतही नव्हती. माझ्या हातातल्या तपकिरी बाटलीकडे एकटक बघत होती.

आम्ही तिथे का आलो होतो, ते आधी सांगतो.

धाकटी एका मोठ्या लाँड्रीत काम करते. हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी धुऊन येतात, त्यांना इस्त्री करायची आणि घड्या घालायच्या. नवरा लवकर गेला. घरात ती आणि तिची मुलगी. मुलगी एका जागी दोन मिनिटं बसायची नाही, म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणायचो.

भिंगरीला फिट्स येत. पण डॉक्टरांनी एक लाल, कडूजहर औषध दिलं होतं, आणि ते सुरू झाल्यापासून फिट्स बंद झाल्या होत्या. एक बाटली चार आठवडे पुरे. ती सरकारी दवाखान्यात मिळे. मिळे, म्हणजे आली तर मिळे. एकदा बाटली आलीच नाही. औषधात खंड पडला आणि भिंगरी शाळेच्या जिन्यावरून पडली. तेव्हापासून धाकटीला एकच भीती होती, बाटलीचा तळ दिसण्याची. ती बाटली उजेडात धरून रोज बघे. मुलीच्या आजाराला ती इतकी घाबरत नव्हती, जितकी त्या तळाला घाबरत होती.

लाँड्रीतल्या एका बाईनं तिला पूर्णबाबांबद्दल सांगितलं. बाटली कधी संपतच नाही, म्हणाली. धाकटी गेली. तिला मूर्ख म्हणण्याआधी एवढं लक्षात घ्या, की तिला फुकटचं काही नको होतं. पोरीचं औषध मधेच तुटू नये, एवढंच हवं होतं.

बाबांचे नियम होते. बाटली पाव भाग रिकामी झाली की यायचं, त्याहून जास्त नाही. "आत बीज राहिलं पाहिजे. बीज नसेल तर मी काय वाढवू?" दुसरा नियम, शंका घ्यायची नाही. शंका घेतली की भरलेलं आटतं. दारातल्या पेटीत काय टाकायचं याबद्दल मात्र नियम नव्हता. ती पेटी जड झाली की दोघं मिळून उचलत.

म्हणजे दर आठवड्याला पाव बाटली औषध भिंगरीच्या पोटात जाई आणि आठवडा संपला की बाबा बाटली भरून देत. पहिल्यांदा भरली तेव्हा धाकटी घरी येईपर्यंत रडत होती, आनंदानं. त्याच आठवड्यात भिंगरी म्हणाली, "आई, औषध आता तेवढं कडू लागत नाही."

झालं! पुढच्या बैठकीला धाकटीनं ते बाबांना सांगितलं. बाबांनी भिंगरीला चौथऱ्यावर उभं केलं आणि तिच्या तोंडून सगळ्यांसमोर वदवून घेतलं. "कडू गेलं! आजाराचं मूळच कडू असतं, ते गेलं!" गोदाम दणाणलं. बायका पुढे येऊन भिंगरीच्या तोंडावरून हात फिरवू लागल्या.

भिंगरी मात्र घरी येताना बोटांवर काहीतरी मोजत होती. शाळेत त्या वेळी अपूर्णांकांची बेरीज चालली होती आणि ती त्यात नुसती पोहत होती. आईच्या घड्या घातलेल्या चादरींवर ती मला गणितं करून दाखवायची. "मामा, निम्मी अधिक एक तृतीयांश. बघ, अशा सहा पट्ट्या पाडायच्या. निम्मी म्हणजे तीन पट्ट्या, तृतीयांश म्हणजे दोन. झाल्या पाच. पाच षष्ठांश! वर्गात सगळे वरचे वर मिळवतात आणि खालचे खाली. दोन पंचमांश म्हणतात, वेडे!" आणि खो खो हसायची.

त्या संध्याकाळी तिनं आईला काय सांगितलं, ते मला नंतर कळलं. ती म्हणाली होती, "आई, बाटली भरली, पण औषध नाही भरलं. औषध पाऊणच होतं. आता पाऊणचं पाऊण झालंय. पुढच्या वेळी त्याचंही पाऊण होईल."

धाकटीनं बाटली दिव्यासमोर धरली. "हे बघ. काठोकाठ आहे की नाही? मग पाऊण कुठलं? शंका घेऊ नकोस, बाळा. आटेल."

भिंगरीनं पुन्हा विषय काढला नाही. आईला घाबरलेली बघून गप्प बसणारी मुलं असतात, तशी ती.

बाटली तिसऱ्यांदा भरली त्या आठवड्यात एका सकाळी, केस विंचरता विंचरता, तिच्या हातातून कंगवा पडला. ती फिट थांबेना. रिक्षात थांबली नाही, इस्पितळाच्या दारात थांबली नाही. थांबवली तेव्हा फार उशीर झाला होता.

मी पोचलो तेव्हा धाकटी इस्पितळाच्या बाकावर बसली होती, मांडीवर ती बाटली. तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"औषध चालू होतं ना?"

"हो."

"रक्तात ते निम्म्याहूनही कमी आहे. डोस चुकले का?"

"एकही नाही," धाकटी म्हणाली. "एकदाही नाही हो. घड्याळ लावून दिलंय. चमचा पुसून, काठापर्यंत भरून."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आई खोटं बोलतेय, असं त्यांना वाटलं असावं. ती खोटं बोलत नव्हती. तिनं खरोखर एकही चमचा चुकवला नव्हता.

त्या आत गेल्यावर धाकटीनं मला बाबांबद्दल पहिल्यांदा सांगितलं. सगळं सांगितलं आणि शेवटी भिंगरीचं ते वाक्यही. "दादा, ती पाऊणचं पाऊण म्हणाली होती. ते काय असतं रे?"

मी आयुष्यभर शेकडो मुलांना हे शिकवलं. पण त्या बाकावर, माझ्याच बहिणीला? मी म्हटलं, आत्ता नको. ती म्हणाली, "आत्ताच सांग. माझी पोर मला सांगत होती आणि मला कळलं नाही. आता तरी कळू दे."

मग मी सांगितलं. पहिल्या आठवड्यात भिंगरीला पूर्ण औषध मिळालं. पाव बाटली संपली, पाऊण उरली. बाबांनी वरचा पाव भाग ज्या कशानं भरला ते औषध नव्हतं, साखरेचं रंगीत पाणी असावं. म्हणजे दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक चमच्यात औषध पाऊणच. त्यातली पुन्हा पाव बाटली गेली, पुन्हा पाणी आलं. तिसऱ्या आठवड्यात पाऊणचं पाऊण, म्हणजे सोळा भागांतले नऊ. चौथ्या आठवड्यात त्याचंही पाऊण, चौसष्टातले सत्तावीस. निम्म्याहून कमी.

"पण चमचा तर तेवढाच होता," ती म्हणाली.

"चमचा तेवढाच होता. आतलं औषध तेवढं नव्हतं."

ती बाटली घेऊन उठली. मग म्हणाली, "मला तिथे घेऊन चल."

तर आता पुन्हा गोदामात येऊ. लाल रांगेत.

रांगा तीनच का, हे कोडं मला दारातच उलगडलं होतं. बाबा म्हणत, लाल म्हणजे अग्नी, पिवळा म्हणजे सूर्य, पांढरा म्हणजे चंद्र. मला वाटलं, लाल म्हणजे लाल रंग आणि पिवळा म्हणजे पिवळा रंग. एक रांग संपली की बाबा "ध्यानाला" म्हणून पडद्यामागे जात आणि परत येऊन दुसरी रांग घेत. ध्यानात काय बदलत असावं, ते सांगायला नको.

माझ्या बाटलीत पाऊण भाग साधं पाणी होतं. दारातल्या धिप्पाडानं विचारलं, "कुठला रंग?" तपकिरी काचेतून आतला रंग दिसत नव्हता. मी म्हटलं, "लाल."

बाटली पाटावर ठेवली. कापड पडलं, बाबांचा हात आत गेला, डोळे मिटले, दंड आवळला गेला. कापड उचललं. काठोकाठ!

"जय!"

"थांबा जरा," मी म्हटलं आणि खिशातून काचेचा पेला काढून बाटली त्यात ओतली. पेल्यात फिकट गुलाबी पाणी आलं. "मंडळी, या बाटलीत मी घरून नळाचं पाणी भरून आणलं होतं. बाबांनी त्यात हे लाल काहीतरी घातलंय."

मागून एक बाई ओरडली, "पाण्याचं औषध झालं!"

"पाण्याचं औषध झालं!" सगळं गोदाम उसळलं. एवढा जयजयकार तोवर झाला नव्हता. लोक माझ्या पाया पडायला धावले. मी आणलेलं पाणी होतं ना! एकानं तर पेला माझ्या हातातून हिसकावून कपाळाला लावला. बाबांनी हात उंचावून मंद स्मित केलं. खरं सांगतो, वर्गात उत्तर चुकलं तर मी खोडून पुन्हा लिहायला लावतो. इथे खोडणार तरी काय आणि कशावरून? मी तर हात टेकले.

तेव्हा धाकटी पुढे झाली. तिचा आवाज बारीक आहे, पण लाँड्रीत यंत्रांच्या घरघरीत बोलायची सवय असल्यामुळे तो लांबवर पोचतो.

"बाबा, ते औषध आहे का?"

"औषध आहे, माई. साक्षात."

"कुठल्या आजाराचं?"

बाबा नुसतेच हसले.

"मी तीन वेळा याच रांगेत उभी होते," ती म्हणाली. "माझ्या पुढे हे आजोबा असायचे. आजोबा, तुमचं कसलं औषध?"

"खोकल्याचं," रुमालातली बाटली सांभाळत आजोबा म्हणाले.

"आणि मागे या ताई असायच्या."

"बाळाचं, तापाचं," मागची तरुण बाई म्हणाली.

"आणि माझं फिट्सचं. तिन्ही औषधं लाल. पण तिन्ही वेगळी. बाबा, तुम्ही तिघांच्या बाटल्यांत एकाच हातानं, एका दमात भरलंत. मग माझ्या पोरीच्या बाटलीत काय भरलंत? खोकल्याचं? तापाचं? फिट्सचं? एवढं सांगा, मी जाते."

मला सुचला नाही असा प्रश्न तिनं विचारला होता. आजोबा रुमाल सोडून बाटलीकडे बघू लागले. बाळाच्या आईनं बाटलीत करंगळी बुडवून जिभेला लावली. मग पुन्हा लावली.

"गोड आहे," ती म्हणाली. "औषध कडू होतं. हे नुसतं गोड आहे."

"कृपा..." बाबांनी सुरुवात केली आणि उठायला गेले. घाईत त्यांनी उजवा दंड अंगाशी घट्ट आवळला, सवयीनं. कापडही नव्हतं, बाटलीही नव्हती. त्यांच्या पांढऱ्या बाहीतून लाल पाण्याची धार मनगटावरून खाली आली आणि पाटावर टपटप पडू लागली. काखेत रबरी पिशवी, तिथून मनगटापर्यंत नळी. दंड दाबला की धार. अग्नी, सूर्य आणि चंद्र एवढ्याशा रबरात मावले होते.

धिप्पाड स्वयंसेवकाच्या तोंडचं पाणी पळालं. तो मागच्या दारानं निघाला, जाताना पेटी उचलायला विसरला नाही. या वेळी ती त्यानं एकट्यानंच उचलली. बाबा त्याच्या मागोमाग गेले. कोणी त्यांना अडवलं नाही. लोक बाबांकडे बघतच नव्हते, आपापल्या बाटल्यांकडे बघत होते.

मी फर्निचरच्या एका जुन्या फळीवर खडूनं लिहून दाखवलं. आधी पाव बाटली औषधाचे चौसष्ट भाग धरले, म्हणजे सगळ्यांचा छेद एकच. पहिला आठवडा, चौसष्टातले चौसष्ट. दुसरा, अठ्ठेचाळीस. तिसरा, छत्तीस. चौथा, सत्तावीस. पोटात गेलं ते एकशे पंच्याहत्तर. बाटलीत उरलं ते एक्याऐंशी. बेरीज दोनशे छप्पन्न, म्हणजे चार वेळा चौसष्ट. पहिल्या दिवशी दवाखान्यातून आणलं होतं बरोबर तेवढंच. बाबांनी इतक्या वेळा बाटली भरली आणि औषधाचा एक थेंबसुद्धा त्यात वाढला नाही.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. खोकल्याचे आजोबा जवळ आले आणि हळूच म्हणाले, "मास्तर, हिची बाटली आहे, माझ्या बायकोची. आता यात किती आहे, ते सांगाल?" त्यांनी पाच वेळा भरून घेतली होती. मी उत्तर काढलं, पण सांगायला माझं मन धजेना. एवढंच म्हटलं, "आजोबा, ही ओतून द्या आणि आजच दवाखान्यात जा." ते बाटली पुन्हा रुमालात गुंडाळून गेले. त्यांनी ती ओतली असेल असं मला वाटत नाही.

मित्रहो, मी तुम्हाला देव आहे की नाही हे सांगायला बसलेलो नाही. एवढंच सांगतो. कोणी म्हणालं "निम्मा आजार गेला", तर विचारा, कशाचा निम्मा? कोणी म्हणालं "बाटली भरली", तर विचारा, कशानं भरली? दोन गोष्टी मिळवायच्या आधी त्या एकाच मापाच्या आहेत का, ते बघा. हे पाचवीच्या पुस्तकात आहे. त्याला सिद्धी लागत नाही. आणि घरातलं एखादं पोर शंका घेत असेल तर त्याला गप्प करू नका. बाटली शंकेनं आटत नाही. आमच्या घरात गप्प बसवलेलं पोर बरोबर होतं.

भिंगरी वाचली. पण मेंदूला फार वेळ प्राणवायू कमी पडला, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ती आता चालते, जेवते, आईला ओळखते. मला ओळखायला थोडा वेळ लागतो, मग हसते. एका जागी बसून राहते. आम्ही तिला अजून भिंगरीच म्हणतो, दुसरं काय म्हणणार?

परवा मी गेलो होतो. धाकटी दिवसभर लाँड्रीत उभी राहून आली होती, पण आल्या आल्या भिंगरीसमोर बसली. ती आता अपूर्णांक शिकली आहे. माझ्याकडून शिकली, हट्टानं, समच्छेदापर्यंत.

"बाळा, निम्मा अधिक एक तृतीयांश?"

भिंगरीनं बराच विचार केला. मग तिचा चेहरा उजळला. "दोन पंचमांश."

वर्गातल्या वेड्यांचं उत्तर. ज्याला ती खो खो हसायची, तेच.

धाकटी रागावली नाही. तिनं उशीचा अभ्रा घेतला, नखानं दाबून त्याच्या सहा सारख्या पट्ट्या पाडल्या आणि भिंगरीचं बोट धरून मोजायला लागली. "हा निम्मा. एक, दोन, तीन. हा तृतीयांश. एक, दोन. किती झाल्या?"

"पाच."

"कितीतल्या?"

भिंगरीनं पुन्हा पहिल्या पट्टीपासून बोट फिरवलं. बाहेर कोणी तरी बादली ठेवली, तिचा आवाज आला. "सहातल्या," भिंगरी म्हणाली.

"शाब्बास!" धाकटीनं तिला जवळ घेतलं आणि तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तोंड फिरवलं.

थोड्या वेळानं, चहा झाल्यावर, तिनं पुन्हा विचारलं. "निम्मा अधिक एक तृतीयांश?"

"दोन पंचमांश," भिंगरी आनंदानं म्हणाली.

धाकटीनं अभ्रा पुन्हा उलगडला.